न समजल्याचे ओझे

सायंकाळी शाळा सुटल्याची घंटा होते आणि मुले फाटकाबाहेर पडतात. परंतु त्यांचा शाळेचा दिवस तेथे संपत नाही. नववी-दहावीतील मुलगा घरी येऊन घोटभर चहा घेतो न घेतो तोच शिकवणीच्या वर्गाची वेळ होते. रात्री आठ-साडेआठला तो परततो तेव्हा शाळेचा गृहपाठ, शिकवणीचा गृहपाठ, विज्ञानाची प्रयोगवही, भूगोलाचा प्रकल्प आणि दुसऱ्या दिवशीची चाचणी अशी रांग त्याची वाट पाहत असते. अकरा वाजता आई दिवा मालवण्यास सांगते त्या वेळीही तो वहीत उत्तरे उतरवीत असतो. ती उत्तरे बहुधा गाईडातील असतात, आणि त्यांचा अर्थ विचारला तर त्याला सांगता येईलच असे नाही. लिहून झाले, एवढ्या समाधानावर तो झोपी जातो. सकाळी उठतो तो मात्र छातीवर धोंडा ठेवल्यासारखा.

हा धोंडा केवळ श्रमांचा असावा असे वाटत नाही. हाच मुलगा रविवारी भर उन्हात चार तास क्रिकेट खेळतो, दमून घरी येतो आणि गाढ झोपतो. त्या दमण्यात ताण नसतो, कारण आपण काय करीत आहोत आणि कशासाठी करीत आहोत, हे त्याला ठाऊक असते. कष्ट आणि ताण या दोन वस्तू एक नव्हेत. समजून केलेले काम थकविते. न समजता केलेले काम खचविते.

या प्रश्नाची चर्चा नवी नाही. ख्यातनाम कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतील आपल्या पहिल्या भाषणात दप्तराखाली वाकलेल्या मुलांची कैफियत मांडली होती. त्यानंतर केंद्र सरकारने १९९२ मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल सादर झाला. दप्तराचे वजन वाईट खरेच. परंतु त्याहून घातक आहे ते न समजल्याचे ओझे, असा त्या छोटेखानी अहवालाचा गाभा होता. मुलाला पुष्कळ शिकविले जाते आणि त्यातील फार थोडे त्याला उमगते, या विसंगतीवर समितीने नेमके बोट ठेवले होते.

त्यानंतरच्या काळात काय झाले? बहुतेक लक्ष दप्तर जोखण्याकडेच गेले. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ठरविले. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणातही तीच मर्यादा आली. राज्यात २०२३ पासून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने जोडण्याचा प्रयोग झाला आणि २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. या प्रयत्नांना नावे ठेवण्याचे कारण नाही. तीस किलो वजनाच्या मुलाने तीन किलोंपेक्षा अधिक भार वाहू नये, हे उचितच आहे. परंतु तराजूत घालता येते तेवढेच ओझे मानावयाचे, तर मनावरचे ओझे तसेच राहते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशातली ही गत होय.

न समजल्याचे ओझे साचते कसे, हे कचेरीत काम करणाऱ्या पालकास सांगावयास नको. एखादे किचकट प्रकरण टेबलावर येते. त्यावर काय शेरा मारावा हे उमजत नाही, म्हणून ती फाइल गठ्ठ्याच्या तळाशी जाते. तळाशी गेली म्हणून ती निकालात निघत नाही. पुढे तिच्यावर अवलंबून असलेली आणखी चार प्रकरणे अडतात आणि एके दिवशी गठ्ठ्याकडे पाहावयाचीही भीती वाटू लागते. पाचवीत न कळलेला अपूर्णांक असाच तळाशी जातो. तो सहावी-सातवीत गुणोत्तर व शेकडेवारी अडवितो, आठवीत बीजगणित अडवितो आणि नववीत भौतिकशास्त्राच्या सूत्रापाशी मुलगा थिजून उभा राहतो. पालक समजतात, मुलगा नववीत बिघडला. वस्तुतः थकबाकी पाचवीची असते; नववीत फक्त तिची नोटीस येते.

म्हणूनच कामाचा डोंगर दिसताच विद्यार्थ्याने पहिली गोष्ट करावयाची ती अधिक वेळ बसण्याची नव्हे, तर वर्गवारीची. समजलेले, न समजलेले आणि केवळ उतरवून काढावयाचे, असे तीन भाग कागदावर पाडले की डोंगराचे आकारमान कळते. ज्याचे आकारमान कळले त्याची भीती निम्मी होते. थोडे ताजे डोके असते त्या वेळी न समजलेल्यापैकी एकच गोष्ट हाती घ्यावी. उतरवून काढावयाचे काम शेवटी करावे.

अभ्यासाच्या रीतीविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. पुनःपुन्हा वाचल्याने अभ्यास झाल्यासारखा वाटतो, परंतु हे वाटणे फसवे असते. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की उतारा वारंवार वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. मात्र आठवड्यानंतर सरशी झाली ती वाचल्यानंतर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांची. पुस्तक मिटून स्वतःस विचारलेले पाच प्रश्न हे तीनदा केलेल्या घोकंपट्टीहून मोलाचे ठरतात, आणि त्यांना वेळही कमी लागतो. झोपेचेही तसेच. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. झोपेतून कापलेला तास अभ्यासाच्या खाती जमा होत नाही. तो दुसऱ्या दिवशीच्या अवधानातून व्याजासह वसूल होतो.

परंतु विद्यार्थ्याने किती केले तरी एक गोष्ट त्याच्या एकट्याच्या हाती नाही. ‘मला समजले नाही’ हे वाक्य उच्चारण्याची मोकळीक त्याला वर्गात मिळावी लागते. आज हे वाक्य उच्चारणाऱ्यास मागच्या बाकावरून हसू ऐकू येते, आणि कधी कधी ‘लक्ष कोठे होते?’ हा प्रतिप्रश्नही. मग गप्प बसणे आणि गाईड उघडणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. शिक्षकांच्या अडचणी खोट्या नाहीत. साठ मुलांचा वर्ग, मुदतीत संपवावयाचा अभ्यासक्रम, निवडणुकीची कामे आणि शाळेची नाना प्रकारची माहिती भरत बसणे, यांत त्यांचाही जीव मेटाकुटीस येतो. तरीही दोन गोष्टी शिक्षक-खोलीत, कोणाच्याही परिपत्रकाची वाट न पाहता, ठरविता येतील. पहिली म्हणजे, कोणत्या दिवशी कोणत्या विषयाचा गृहपाठ द्यावयाचा याचे एकत्रित वेळापत्रक. सहावी ते आठवीसाठी दिवसास एक तास आणि नववीपासून पुढे दोन तास ही गृहपाठाची कमाल मर्यादा २०२० च्या धोरणातच आहे. परंतु प्रत्येक विषयशिक्षक आपल्यापुरताच हिशेब धरील तर ती कोणीही न मोडता मोडली जाते. दुसरी म्हणजे, तासाच्या अखेरीस नाव न घालता लिहावयाची चिठ्ठी: आज काय समजले नाही? दहा चिठ्ठ्यांत एकच गोष्ट निघाली, तर उद्याच्या तासाची सुरुवात कोठून करावी हे शिक्षकास आपोआप कळते.

पालकांनाही एक प्रश्न बदलता येईल. दिवसभर खर्डेघाशी करून घरी आलेला बाप चप्पल काढता काढता विचारतो, ‘अभ्यास लिहून झाला का?’ त्याऐवजी त्याने ‘आज काय अडले?’ असे विचारावे. त्याला स्वतःला उत्तर येत नसले तरी चालेल. अडणे हा गुन्हा नाही, एवढे मुलास त्या प्रश्नातून कळते.

हे सारे केवळ गुणांपुरते असते, तर त्यासाठी एवढी आर्जवे करण्याचे कारण नव्हते. देशात २०२२ या एका वर्षात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. अशा प्रत्येक घटनेमागे अभ्यासच असतो असे मानणे चूक ठरेल. परंतु झोप उडालेल्या, जेवण टाकणाऱ्या, शाळेच्या नावाने पोटात दुखते म्हणणाऱ्या मुलास ‘नाटक करतो’ म्हणून झिडकारणे ही त्याहून मोठी चूक होय. अशा वेळी डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून याच कामासाठी आहे, आणि तीवर मराठीतही बोलता येते.

अभ्यासक्रम हलका होईल, परीक्षा बदलतील; त्यास वर्षे लागतील. तोपर्यंत रात्री अकरा वाजता वहीवर वाकलेल्या त्या मुलास एवढे तरी करता यावे, की न उमगलेल्या प्रश्नाखाली गाईडातील उत्तर न उतरविता त्याने जागा कोरी ठेवावी, समासात एक प्रश्नचिन्ह काढावे आणि निर्धास्त झोपी जावे. दुसऱ्या दिवशी त्या प्रश्नचिन्हावर शिक्षकाचा लाल शेरा ‘अपूर्ण’ असा न येता ‘भेट’ असा आला, तर त्या मुलाच्या छातीवरचा धोंडा त्याच दिवशी हलेल.