नारिंगी ताऱ्याचे कूळ

मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास महाराष्ट्रातून पाहिल्यास जवळजवळ डोक्यावर एक तेजस्वी नारिंगी तारा दिसतो. हीच स्वाती. ती सुमारे ३७ प्रकाशवर्षे दूर असून तिचा व्यास सूर्याच्या सुमारे २५ पट आहे. हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाची ताऱ्यांची जोडीही नारिंगीच आहे. ती अवघ्या ११.४ प्रकाशवर्षांवर असूनही नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. कारण तिचे दोन्ही तारे सूर्याहून लहान आहेत. रंग एक, परंतु कुळे भिन्न. मग दूरचा एखादा अंधुक नारिंगी तारा कोणत्या कुळातला, हे कसे ठरवावे?

रंग फसवा असतो

वाटेतील धूलिकणांमुळे पांढरा ताराही तांबूस भासतो. म्हणून दुर्बिणीतून आलेल्या प्रकाशाचा वर्णपट घेतात. त्यातील काळ्या रेषांवरून ताऱ्याचे तापमान कळते. हार्वर्ड वेधशाळेच्या ॲनी जंप कॅनन यांनी याच रीतीने लक्षावधी ताऱ्यांचे वर्गीकरण केले. त्यात नारिंगी ताऱ्यांचा वर्ग ‘के’ हा असून त्यांच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,९०० ते ५,२०० केल्व्हिन असते.

राक्षसी की खुजा?

तापमान समान असले तरी राक्षसी तारा खुज्या ताऱ्याच्या शंभरपट तेजस्वी असू शकतो. दोघे सारखेच अंधुक दिसत असतील, तर पहिला दहापट दूर असला पाहिजे. म्हणजे कूळ चुकले की अंतरही दहापटीने चुकते.

ही अडचण सोडविण्यास एका भारतीय शास्त्रज्ञाचा हातभार लागला. कॅल्शियमच्या रुंद काळ्या रेषेच्या मध्यभागी एक बारीक उजळ रेषा असते. तारा जितका तेजस्वी, तितकी ही रेषा रुंद, असे ओलिन विल्सन व डॉ. वेणू बाप्पू यांनी १९५७ साली दाखवून दिले. तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेला १९८६ मध्ये डॉ. बाप्पूंचे नाव देण्यात आले.

पुढे २०१३ साली सोडलेल्या ‘गाया’ यानाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची अंतरे मोजण्यास आधार दिला. तरीही ताऱ्याचे तापमान व घटकद्रव्ये जाणण्यासाठी वर्णपटाकडेच वळावे लागते.

अंधुक ताऱ्याचा प्रकाश मुळातच थोडा. त्यात दिव्यांचा झगमगाट मिसळला की वेध घेणे कठीण होते. गावातील दिव्यांचा उजेड आकाशाकडे न जाता रस्त्यावर पडेल अशी झाकणे ग्रामपंचायतींनी बसविल्यास विजेचा अपव्यय टळेल आणि शिक्षकांना विद्यार्थ्यांपुढे आकाशाचे पुस्तक उघडता येईल. आरंभ स्वातीपासून करावा.