गीगाहर्ट्झचा हलता आकडा

विंडोजच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर, आलेखाच्या खाली, ‘स्पीड’ या शब्दाशेजारी एक आकडा असतो. काही चालू नसताना तो 1.1 गीगाहर्ट्झच्या आसपास रेंगाळतो. मोठी फाईल उघडली की 3.4 वर उडी मारतो, काम संपलं की पुन्हा खाली. बहुतेक लोक हे पान लॅपटॉप अडल्यावरच उघडतात. मला ते काही अडलेलं नसतानाही उघडून बघत बसावंसं वाटतं.

कारण तो आकडा कशाचा आहे हे एकदा कळलं की त्याच्याकडे नुसतं बघून सोडता येत नाही. 3 गीगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीन अब्ज ठोके. एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत प्रकाश जेमतेम दहा सेंटिमीटर पुढे सरकतो. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश! तो लॅपटॉपच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत प्रोसेसरचे तीन ठोके होऊन गेलेले असतात.

हे ठोके येतात क्वार्ट्झच्या स्फटिकातून. बालाघाटच्या डोंगररांगांतल्या शेतात नांगराच्या फाळाला लागून गारगोट्या वर येतात. त्याच जातीचं हे खनिज, फक्त कारखान्यात शुद्ध करून वाढवलेलं. वीज दिली की ते एका ठरलेल्या लयीत थरथरतं. त्या थरथरीवरून इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरसाठी 100 मेगाहर्ट्झचा पायाभूत ठोका तयार होतो आणि प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. गुणक 30 असेल तर 3 गीगाहर्ट्झ, 8 असेल तर 800 मेगाहर्ट्झ. पडद्यावरचा आकडा हलतो म्हणजे हा गुणक बदलत असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, लॅपटॉप बिघडला की ती कामाला येते.

पूर्वी असं नव्हतं. पुण्यात जन्मलेले विनोद धाम ज्याच्या घडणीत आघाडीवर होते तो पेंटियम 1993 मध्ये 60 आणि 66 मेगाहर्ट्झचा आला. 66 चा प्रोसेसर म्हणजे यंत्र चालू असेपर्यंत 66. गणित सोडवत असो वा कोरा पडदा दाखवत असो, धाव तीच. टेबलावरच्या संगणकाला ते चालून गेलं, बॅटरीवरच्या लॅपटॉपला परवडेना. जानेवारी 2000 मध्ये इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये स्पीडस्टेप आणलं. 650 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर चार्जर काढला की 500 वर उतरायचा आणि त्याच वेळी त्याचं व्होल्टेज 1.6 वरून 1.35 वर यायचं.

खरी कमाल त्या व्होल्टेजमध्ये आहे. ट्रान्झिस्टरची प्रत्येक उघडझाप म्हणजे थोडा विद्युतभार भरणं आणि रिता करणं; तेवढी वीज उष्णता होऊन जाते. हा खर्च गतीच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 650 चे 500 केले तर गती 23 टक्के कमी झाली. व्होल्टेजचा वर्ग धरून हिशेब केला तर विजेचा खर्च मात्र जवळजवळ 45 टक्के कमी. पाव गती सोडली की निम्म्याच्या आसपास वीज वाचते. इतका फायद्याचा सौदा निसर्ग फार ठिकाणी देत नाही, आणि तो हेरणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पुढचा प्रश्न, गती कधी चढवायची आणि कधी उतरवायची हे ठरवायचं कुणी? लिनक्समध्ये हे काम करणाऱ्या भागाला गव्हर्नर म्हणतात. 2004 मध्ये आलेला ऑनडिमांड गव्हर्नर ठरावीक वेळाने डोकावून बघायचा की प्रोसेसर किती गुंतलाय, आणि त्यावरून गती ठरवायचा. 2016 मधला शेडयूटिल थेट कामं वाटणाऱ्या शेड्युलरलाच विचारतो. इंटेलने तर 2015 पासून हा निर्णय प्रोसेसरच्याच हाती दिला, त्यामुळे गती आता एखाद्या मिलीसेकंदात बदलू शकते. तुम्ही एक अक्षर टाईप करता आणि पुढच्या अक्षराकडे बोट नेता, तेवढ्या वेळात प्रोसेसर जागा होतो, धावतो, काम आटोपतो आणि पुन्हा झोपतो. एकदा नाही, कितीतरी वेळा.

आता बीड जिल्ह्यातला मे महिना घ्या. पत्र्याच्या छताखालचं सेवा केंद्र, आत 42 अंश. प्रोसेसरची सहनशक्ती साधारण 100 अंशांपर्यंत. तिथे पोचला की तो स्वतःच गती उतरवतो. उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. 25 अंशांच्या खोलीत तो फरक 75 होता, इथे 58 उरला. म्हणजे तोच लॅपटॉप, तोच पंखा, पण उष्णता फेकण्याची ताकद तीन चतुर्थांशाच्या जरा वर.

या जिल्ह्याला हा हिशेब मोठ्या मापात ठाऊक आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा असून भागत नाही, थंड करायला पाणी लागतं. दुष्काळात गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून ते मिळेना, तेव्हा 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये 1130 मेगावॅटचं अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. वीज बनवणाऱ्या यंत्राची मर्यादा उष्णता, आणि ती वापरून आकडेमोड करणाऱ्या चिपचीही मर्यादा उष्णताच.

लॅपटॉपच्या बाबतीत मात्र एक सुखद धक्का आहे. वरच्या गतींवर व्होल्टेजही गतीबरोबर चढतं, त्यामुळे खर्च ढोबळमानाने गतीच्या घनात वाढतो. हेच उलटं वाचा. उष्णता पाऊणपटीवर आणायची असेल तर गती किती सोडावी लागेल? फक्त आठ-नऊ टक्के. 3 गीगाहर्ट्झऐवजी 2.75. डोळ्याला फरक कळणारसुद्धा नाही.

म्हणून, ‘ऊन फार आहे, लॅपटॉप स्लो होणारच’ हे मला पटत नाही. जुलैच्या अखेरीस पीक विम्याचे अर्ज भरायला रांग लागलेली असते, सर्व्हर चालू असतो, शेजारच्या मोबाईलवर तेच पान झटकन उघडतं, आणि लॅपटॉपवर एकेक अक्षर उमटायला वेळ लागतो. एवढी मरगळ हवामानाने येत नाही. अशा वेळी अँटिव्हायरस बदलू नये, विंडोज नव्याने टाकू नये. आधी तो आकडा बघावा.

आकडा वरखाली होतोय, पण काम सुरू करताच 3 वर जाऊन मिनिटाभरात 1.5 पर्यंत घसरतोय, पुन्हा थोडा चढतोय, पुन्हा घसरतोय? मग दुखणं उष्णतेचं. खालचं झाकण उघडून बघा. पंख्याची पाती वरून स्वच्छ दिसतात आणि माणूस फसतो. पंख्याचं तोंड आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या बारीक पत्र्या यांच्या मध्ये बघायचं. वडवणी, माजलगाव, गेवराईच्या कापूसपट्ट्यात तिथे धुळीत तंतू मिसळून करडा थर बसलेला सापडतो, जुन्या गोधडीतला कापूस दाबून भरावा तसा. चिमट्याने धरला तर एका तुकड्यात निघतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, तो भन्नाट फिरू देऊ नये. चार-पाच वर्षं जुन्या लॅपटॉपची थर्मल पेस्टही वाळलेली असते. ती पुसून नवी लावावी.

आकडा हलतच नसेल तर गोष्ट वेगळी. काम कितीही असो, 0.39 किंवा 0.79 वर खिळलेला. इथे गुणक आठवा. 4 गुणिले 100 म्हणजे 400 मेगाहर्ट्झ, 8 गुणिले 100 म्हणजे 800. ही शिडीची सर्वांत खालची पायरी. तापलेला प्रोसेसर इतका काटेकोरपणे एका पायरीवर थांबत नाही, तो चढउतार करत राहतो. हलत नसलेला आकडा म्हणजे कुणीतरी हुकूम दिलेला आहे.

हा हुकूम बहुतेकदा मदरबोर्डकडून येतो. प्रोसेसरला एक तार जोडलेली असते, प्रॉकहॉट नावाची. तिच्यावरून प्रोसेसर बोर्डाला कळवतो की मी तापलोय. पण अनेक लॅपटॉपमध्ये ही तार दोन्ही दिशांनी बोलते, म्हणजे बोर्डही प्रोसेसरला सांगू शकतो की खाली ये. चिप गार असली तरी तिला ते ऐकावं लागतं. बोर्ड असं का सांगतो? एक नेहमीचं कारण चार्जर. काही कंपन्यांच्या गोल पिनच्या मधोमध सुईसारखी बारीक तार असते. चार्जरच्या आतली इवलीशी चिप तिच्यावरून आपण किती वॉटचे आहोत हे लॅपटॉपला सांगते. सुई वाकली, पिनेजवळ वायर आतून तुटली किंवा बाजारातला साधा चार्जर लावला, की ओळख पटत नाही आणि बोर्ड सावधगिरी म्हणून गती बांधून टाकतो.

तपासायला हत्यार लागत नाही. आकड्यावर नजर ठेवून चार्जर काढा. 0.39 वरून आकडा लगेच 2 च्या पुढे उसळला तर दोषी चार्जर किंवा त्याची खाच. चार्जरवरच अडतो आणि बॅटरी फुगलेली वा मेलेली आहे, तर बॅटरीकडे बघा; भाराच्या क्षणी काही लॅपटॉप बॅटरीतूनही वीज उसनी घेतात, ती मिळणार नसेल तर आधीच हात आखडतात. फुगलेल्या बॅटरीला टोचू नका, दाबू नका, काढून दुकानदाराकडे द्या.

हुकूम कधी आपणच देऊन विसरलेलो असतो. पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी कुणीतरी उन्हाळ्यात 99 टक्के केलेली असते. एक टक्का कमी, पण मूळ गतीच्या वर नेणारी टर्बोची सोय पूर्ण बंद, आणि आकडा त्या गतीच्या वर जातच नाही. लिनक्सवाल्यांची फसगत वेगळी: गव्हर्नरचं नाव पॉवरसेव्ह दिसलं की तोच चोर वाटतो. इंटेलच्या नव्या प्रोसेसरवर, पीस्टेट ड्रायव्हरखाली, पॉवरसेव्ह असूनही गती कामाप्रमाणे चढतेच. त्याला परफॉर्मन्स करून चार्जरच्या बिघाडावर काहीही फरक पडत नाही, कारण प्रॉकहॉटचा हुकूम गव्हर्नरच्या वर चालतो.