काँप्युटर वेगवान, तरी सिम्युलेटर का अडखळतो?

जुना फ्लाइट सिम्युलेटर नव्या, दणकट काँप्युटरवर टाकला की तो आपोआप झकास चालेल, असं बहुतेक जण धरूनच चालतात. प्रत्यक्षात कधी विमान डोळ्याची पापणी लवायच्या आत धावपट्टी संपवतं, तर कधी शहरावरून उडताना चित्र ठेचकाळत राहतं. मग गेम तरी ‘बाद’ ठरतो, नाहीतर ग्राफिक्स कार्ड. खरं तर बऱ्याचदा दोघांचाही दोष नसतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी त्यांच्या काळच्या यंत्राबद्दल काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. त्यातली कोणती आता खरी राहिली नाही, हे शोधायचं असतं.

सगळ्यात जुनं गृहीतक काळाचं. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झवर चाले. चित्र काढायचं, विमान थोडं पुढे सरकवायचं, पुन्हा चित्र काढायचं, असं चक्र अनेक गेममध्ये कुठलंही घड्याळ न बघता फिरे. यंत्राचा संथपणा हेच घड्याळ. यावर कुणी म्हणेल की काही जुने सिम्युलेटर आजही नीट वेगात चालतात. चालतात, कारण ते पीसीतल्या टायमरचे सेकंदाला सुमारे १८.२ ठोके मोजत. पण मोजणाराही फसू शकतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक डॉस प्रोग्रॅम सुरुवातीलाच ५५ मिलिसेकंदांत किती फेऱ्या होतात ते मोजून त्या आकड्याला ५५ ने भागत. फेऱ्या ३६ लाखांपलीकडे गेल्या की उत्तर सोळा बिटांत मावत नसे आणि पडद्यावर ‘रनटाइम एरर २००’, म्हणजे शून्याने भागाकार, असा संदेश येई. शून्य तर कुठेच नव्हतं! इथे विंडोजचा कंपॅटिबिलिटी मोड लावून उपयोग नाही. तो प्रोग्रॅमला जुनी विंडोज असल्याचं भासवतो, काही जुन्या सवयी सांभाळून घेतो, पण प्रोसेसरचा वेग कमी करत नाही. ते काम जुन्या डॉस यंत्राची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅमचं: कंट्रोल धरून एफ-११ दाबलं की सायकल्स कमी होतात, एफ-१२ ने वाढतात.

मायक्रोसॉफ्टच्या २००६ च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सचं दुखणं नेमकं उलटं आहे. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर पंधरा टक्के दाखवतो, म्हणून लोक महागडं कार्ड आणतात. पण आठ कोअरच्या प्रोसेसरमध्ये एक कोअर पूर्ण राबला तरी एकूण आकडा साडेबाराच येतो. या गेमचं मुख्य काम एकाच कोअरवर चालतं; पुढच्या सर्व्हिस पॅकने भूभागाची चित्रं चढवण्यासारखी थोडी कामं बाकीच्यांना वाटून दिली, इतकंच. त्यामुळे दोनाचे आठ कोअर केल्याने फारसं साधत नाही, एका कोअरचा वेग जास्त कामाला येतो. खात्री करायची तर पडद्याचं रिझोल्यूशन उतरवून बघावं. फ्रेम तेवढ्याच राहिल्या, तर कार्डाला बोल लावू नये. मग रस्त्यांवरची आणि आकाशातली रहदारी कमी करावी. फ्रेम वाढल्या, तर अडचण प्रोसेसरचीच.

याच गेममध्ये तासभर उडून उतरायच्या बेताला ‘मेमरी संपली’ असा संदेश येतो, तेव्हा रॅम वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो. पण बत्तीस गिगाबाइट रॅम असली तरी अशा बत्तीस बिटांच्या प्रोग्रॅमला चार गिगाबाइटांपलीकडचे पत्ते लिहिताच येत नाहीत. तपशीलवार विमानतळ, जड टेक्स्चर आणि लांबवर दिसणारा भूभाग मिळून ती जागा भरतात, म्हणून त्यांनाच कात्री लावावी लागते. त्याच गेमच्या गाभ्यावर लॉकहीड मार्टिनने उभ्या केलेल्या सिम्युलेटरची ही अडचण २०१७ मध्ये सुटली, ती चौथ्या आवृत्तीत प्रोग्रॅमच चौसष्ट बिटांचा केल्यावर.