लॅमी सफारी की ट्विस्बी इको? शाईचे पेन घेण्यापूर्वी

मंडळातील आम्ही चार-पाच निवृत्त सभासद अजूनही शाईने लिहितो, हे एव्हाना सर्वांना माहीत झाले आहे. त्यामुळे दहावी-बारावीचे निकाल लागले की फोन येतात. नातवाला पेन द्यायचे आहे, भाचीला द्यायचे आहे, तीन हजारांपर्यंत कोणते घेऊ? बोलता बोलता गाडी बहुतेक वेळा दोन नावांवर येऊन थांबते : जर्मनीचे लॅमी सफारी आणि तैवानचे ट्विस्बी इको. दोन्हींची किंमत तीन हजारांच्या आगेमागे आहे. दुकान, रंग आणि सवलत यांप्रमाणे थोडाफार फरक पडतो.

तीन हजार ही काही किरकोळ रक्कम नव्हे. आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. आपल्या हैदराबादेतील मुले शाळेत इंग्रजी, तेलुगू, हिंदी लिहितात. मराठी लिहिण्याचा प्रसंग आजीला पत्र किंवा आपल्या वर्गाची वही, एवढाच. हाताला न बसणारे पेन मिळाले तर ते महिनाभरात कप्प्यात जाते आणि तेवढेही लिहिणे पुन्हा बॉलपेनवर येते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

सफारी १९८० साली बाजारात आले ते शाळकरी मुलांसाठीच. अंग चिवट एबीएस प्लास्टिकचे, क्लिप जाड तारेची, दांडीला खिडकी, म्हणजे शाई किती उरली ते दिसते. पकडण्याच्या जागी दोन बाजूंनी सपाट खाचा आहेत. अंगठा आणि तर्जनी तिथेच बसावीत अशी ती रचना. ज्याचा हात असा बसतो त्याला हे पेन वरदान. पण अनेकांची पेन धरण्याची पद्धत वेगळी असते. कोणी चार बोटांत धरतो, कोणी निब थोडी फिरवून लिहितो. त्याला या खाचा पानभर टोचत राहतात. हा एक मुद्दा दुकानात जाऊन, पेन हातात घेऊनच ठरतो. फोटो पाहून नाही.

इको २०१५चे. पकड गोल, त्यामुळे हात कसाही असो, चालते. त्याचे खरे वैशिष्ट्य शाई भरण्यात आहे. मागची घुंडी फिरवली की पिस्टन पुढे जातो, निब दौतीत बुडवून उलटी फिरवली की शाई ओढली जाते. साधारण पावणेदोन मिलिलिटर शाई मावते. साठ मिलिलिटरच्या कॅमलच्या दौतीत पस्तीसच्या आसपास भरणा होतात. बँकेची सवय, हिशेब सुटत नाही! सफारीत कंपनीचेच कार्ट्रिज बसते, दुसऱ्या कंपनीचे सहसा बसत नाही. दौतीतून भरायची असेल तर कन्व्हर्टर लागतो, आणि तो बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो. तुलना करताना त्याची किंमत सफारीच्या किमतीत धरावी. कन्व्हर्टरमध्ये इकोच्या निम्मीच शाई मावते.

मग सरळ इकोच घ्यावे का? थांबा. मुलांच्या हातून पेन पडते, आणि पडते ते नेमके निबेवर. सफारीची निब चिकटपट्टी लावून पुढे ओढली की निघते, नवी सरकवली की झाले. निब सुटी मिळते, पेन वाचते. इकोचीही निब निघते, पण काम तितके सोपे नाही. शिवाय इकोच्या पारदर्शक प्लास्टिकला चिरा गेल्याच्या तक्रारी वापरणाऱ्यांकडून ऐकू येतात, म्हणून टोपण फार आवळू नये. लाल-जांभळ्या शाईचे डागही त्यात राहतात. दुसरीकडे, इकोचे आट्याचे टोपण घट्ट बसते; पंधरा दिवस पडून राहिले तरी आमच्या अनुभवात पहिल्याच रेघेला शाई येते. सफारीचे टोपण खटकन निघते, ज्याला दर मिनिटाला चार शब्द टिपायचे त्याला ते सोयीचे.

आता देवनागरीचा मुद्दा, जो इंग्रजी परीक्षणांत सापडत नाही. आपल्या अक्षरांत काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे यांची दाटी. ओळीतले अंतर तेवढेच आणि त्यात 'राष्ट्र', 'द्वंद्व', 'ज्ञानेश्वरी' बसवायचे. जाड निबेने 'ष्ट्र'ची गाठ होते आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. म्हणून रोजच्या वहीसाठी फाइन घ्यावी. लॅमीची फाइन थोडी जाडच उतरते, लहान अक्षर असेल तर एक्स्ट्रा फाइन पाहावी. दोन्ही कंपन्यांची १.१ मिलिमीटर रुंदीची सपाट निबही मिळते. तिने बोरूसारखे अक्षर येईल असे मात्र समजू नये, कारण देवनागरीच्या बोरूचा काप तिरपा, तोही रोमन सुलेखनाच्या उलट दिशेने असतो. शीर्षके लिहायला ती निब छान, वहीला नाही.

शाईबद्दल दोन सूचना. चित्रकलेची जलरोधक शाई फाउंटन पेनमध्ये कधीही घालू नये. त्यातले लाखेसारखे द्रव्य जिभेत वाळून बसते आणि पेन कायमचे बंद होऊ शकते. दुसरी आमच्या पेशातली. लॅमीची नेहमीची निळी शाई पुसता येणारी आहे, जर्मन शाळांसाठी ती सोय. चेकवर किंवा मृत्युपत्रावर त्या शाईने सही करू नये.

आमचे मत विचाराल, तर शाळकरी मुलाला, हात बसत असल्यास, सफारी. कॉलेजातल्या किंवा रोज पाने भरणाऱ्या माणसाला इको. डावखुऱ्यासाठी लॅमीची वेगळी निब मिळते, ती आधी चालवून पाहावी. आपल्या आबिड्समध्ये १९२८ पासूनचे डेक्कन पेन स्टोअर्स आहे, त्यामुळे पेन चालवून घेण्याची रीत या शहराला नवी नाही. घरातली वही सोबत न्या, कारण दुकानातल्या गुळगुळीत कागदावर सगळीच पेने गोड लिहितात. आणि पक्के बिल घ्या. सफारीच्या नकला बाजारात खूप आहेत, निम्म्या किमतीत कोणी देत असेल तर ती बहुधा त्यांतलीच असते.