रंगाचा पहिला हात

सभागृहात शिरलेला श्रोता आधी व्यासपीठाकडे पाहतो. मी आधी भिंतींकडे पाहतो. ही माझी जुनी खोड आहे. मी इंजिनियर नाही, रसायनशास्त्राचा पदवीधरही नाही. संघटनेचे काम करताना नाक्यावर उभ्या राहणाऱ्या रंगाऱ्यांशी संबंध आला. त्यांच्या मजुरीची भांडणे सोडवताना डब्यांवरचा मजकूर वाचावा लागला, आणि जे कळले नाही ते सार्वजनिक ग्रंथालयात बसून समजून घ्यावे लागले. त्या शिदोरीवर आज बोलणार आहे. विषय घरगुतीच आहे. निरनिराळ्या जातींचे रंग एकात एक मिसळावेत काय, आणि एकावर एक चढवावेत काय?

रंगारी रंगाच्या थराला 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, अस्तराचा हात. शब्द मोठा नेमका आहे. प्रत्येक थरामागे कोणाचा तरी हात असतो आणि त्या हाताची मजुरी असते.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलुंडमधील एका इमारतीचे जिने तीन रंगाऱ्यांनी एप्रिलअखेर रंगवले. जुलैत भिंतींचे पोपडे सुटू लागले. इमारतीच्या मंडळींनी उरलेली मजुरी अडवली. "रंगात पाणी घातले," असा आरोप झाला. मी गेलो तेव्हा वातावरण तापलेले होते. म्हातारा रंगारी एवढेच म्हणाला, "दादा, पोपडा उलटा करून बघा." मी तळहातावर पोपडा उलटा केला. पुढून छान पिवळसर डिस्टेंपर होता आणि पाठीला पांढऱ्या चुन्याची जाड भुकटी चिकटलेली होती. वरचा रंग चुन्याला घट्ट धरून होता. चुनाच भिंतीला धरून नव्हता. रंगाऱ्यांनी आधी तीन दिवस खरवडायला मागितले होते. "दिवस कशाला घालवता, वरून मारा," असे उत्तर मिळाले होते.

हे असे का होते, ते समजण्यासाठी रंगाची घडण पाहिली पाहिजे. रंगात मुख्यतः तीन वस्तू असतात. एक भुकटी, जी रंग देते. दुसरा बंधक, जो भुकटीला भिंतीशी बांधून ठेवतो. तिसरे पाणी किंवा टर्पेंटाइन, जे काम झाले की उडून जाते. रंगाची जात ठरते ती बंधकावरून.

चुन्याच्या सफेदीत चुना हाच बंधक. कळीचा चुना पाण्यात सोडला की रटरटतो, मग निवतो. भिंतीवर लावल्यावर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा होतो. पण दरवर्षी सफेदीवर सफेदी चढत गेली की त्याच्या पापडाखाली पापड तयार होतात. सुक्या डिस्टेंपरमध्ये खडूची भुकटी आणि सरस. ओले बोट फिरवले की रंग बोटाला येतो. ऑइल-बाउंड डिस्टेंपरमध्ये तेल पाण्यात दुधासारखे मुरवलेले असते, म्हणून ती भिंत हलक्या हाताने पुसता येते. सिमेंटच्या रंगात पांढरे सिमेंट असते, म्हणून त्याला लावल्यानंतर पाणी पाजावे लागते. तेली रंग, म्हणजे इनॅमल, हवेतील प्राणवायू घेऊन कडक होतो. प्लास्टिक रंगात राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांत मिसळून पापुद्रा धरतात.

आता मिसळण्याचा प्रश्न. एकाच जातीचे, शक्यतो एकाच कंपनीचे रंग एकमेकांत मिसळता येतात. पाण्यातल्या प्लास्टिक रंगाचा चकचकीत डबा आणि मंद डबा नीट ढवळून एक केला तर मधली चमक मिळते. मंद रंगात बंधकाच्या मानाने भुकटी जास्त असते. पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि उजेड विखुरतो. त्यामुळे भिंतीचे उंचसखलपण झाकले जाते, पण मळ लवकर धरतो. चकचकीत रंग धुता येतो, पण गिलाव्याची प्रत्येक लाट दाखवतो. तेली रंग आणि पाण्याचा रंग मात्र एका डब्यात घालू नयेत. ते फाटतात, आणि दोन्ही डबे वाया जातात.

थरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पहिला नियम असा की, वरचा हात खालच्या हातापेक्षा बळकट होऊ शकत नाही. खाली भुकटी सुटणारा चुना किंवा सुका डिस्टेंपर असेल, तर तो गिलाव्यापर्यंत खरवडून, अस्तर देऊनच पुढचा रंग लावावा. नाहीतर वरचा पापुद्रा सुकताना आकसतो आणि खालचा सैल थर उपटून काढतो. दुसरा नियम: गुळगुळीत तेली रंगावर प्लास्टिक रंग थेट लावू नये. आधी काचकागद मारून चमक मोडावी आणि योग्य अस्तर द्यावे. तेली रंगावर चुना तर बसतच नाही. तिसरा नियम: नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर घाईने तेली रंग लावू नये. ताज्या गिलाव्यात क्षार असतो. तेल आणि क्षार ओलाव्यात एकत्र आले की साबण होतो. भिंतीवर तेच घडते आणि रंग चिकट होऊन सुटतो. चौथा नियम: तेली रंगाचा पहिला हात पातळ आणि पुढचे हात त्याहून अधिक तेलाचे असावेत. कडक थर खाली आणि लवचीक थर वर राहिला, तर भेगा पडत नाहीत.

आपल्या उपनगरांत याला पावसाची जोड आहे. येथे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भिंतीत मुरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट लागते. चुना ती वाट देतो; तेली रंग ती अडवतो आणि फुगे येतात. गळती बंद न करता वर जाड रंग देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे.

जुन्या शाळा, दवाखाने आणि चाळींचे जिने आठवा. कंबरेपर्यंत तेली रंगाचा पट्टा आणि वर चुना. खाली मुलांचे हात, ओल्या छत्र्या आणि खांदे लागतात, म्हणून धुता येणारा रंग. वर भिंतीने श्वास घ्यावा, म्हणून चुना. दोन जाती एकाच भिंतीवर, पण शेजारी शेजारी, प्रत्येक आपल्या कामापुरती. पुढे तयार डिस्टेंपर घरोघर आला. १९४२ साली चार मित्रांनी मुंबईत सुरू केलेल्या एशियन पेंट्सचा कारखाना आपल्या भांडुपलाच उभा राहिला, आणि १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटलेला ब्रशवाला गट्टू सर्वांच्या ओळखीचा झाला. डबा बदलला, खालची भिंत पुष्कळ ठिकाणी चुन्याचीच राहिली.

खरवडण्याचे काम जरूर करावे, पण जपून. जुन्या तेली रंगात शिसे असू शकते. शिशाच्या सफेद्याचा घरांच्या आतील रंगकामात वापर बंद करण्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ सालीच करार केला. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीचे थर भिंतीत आहेतच. म्हणून जुना तेली रंग कोरडा घासू नये. ओला करून काढावा, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे आणि धूळ ओल्या फडक्याने टिपावी. ज्याच्या नाकातोंडात ती धूळ रोज जाते त्याला चांगला मुखवटा द्यावा, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.

मुलुंडच्या त्या रंगाऱ्यांना अखेर मजुरी मिळाली. खरवडण्याचा खर्च इमारतीने उचलला. तिघांपैकी एक तोवर गावी निघून गेला होता. त्याचे पैसे मनिऑर्डरीने पाठवले.

रंग काढायचा ठरला की आपण छटांचे पुस्तक घेऊन बसतो, आणि शेवटच्या हाताला कोणता डबा आणायचा यावर घरात चर्चा रंगते. खरवडणे, लांबी भरणे, घासणे, अस्तर, दोन हातांमधले सुकणे, या गोष्टी पाहुण्यांना दिसत नाहीत. म्हणून काटछाट होते ती तेथे. पैसे वाचवायचेच असतील तर शेवटचा डबा स्वस्तातला घ्या. पहिल्या हाताचे दिवस कापू नका. आणि भिंत सुटलीच, तर रंगाऱ्यावर हात उगारण्यापूर्वी पोपडा उलटा करून पाहा. दोष कोणत्या हाताचा आणि घाई कोणाची, ते त्याच्या पाठीवर दिसते.