सव्वा फूट परस

आमच्या आणि शेजारच्या दादांच्या परसामध्ये वीस वर्षे मेंदीचे कुंपण होते. मेंदी दरसाल पसरते, आणि तिच्यात हद्द नेमकी कोठे हे कोणीच सांगू शकत नाही. वहिनी तिच्यावरून कढीपत्ता देत, आमच्या सौ. शेवग्याच्या शेंगा देत. त्या कुंपणाकडे आम्ही कधी हद्द म्हणून पाहिलेच नाही.

गेल्या उन्हाळ्यात चार दिवस गावी गेलो होतो. परत येऊन पाहतो तो मेंदी साफ उपटलेली, आणि सिमेंटचे खांब रोवून जाळी ठोकलेली! खांब मेंदीच्या आमच्याकडील कडेला. कुंपणाला लागून असलेला शेवगाही पलीकडे गेला. मेंदीच्या मधल्या ओळीपासून दोरी धरून पाहिले तर सव्वा फूट जागा गेली. परसाची लांबी चोवीस फूट. म्हणजे हिशेबाने तीस चौरस फूट. सहा बाय पाचची सतरंजी अंथरावी एवढीच जागा, पण त्या रात्री झोप आली नाही.

येथे आमचे काय चुकले ते सांगितले पाहिजे. आम्ही लोकांचे अर्ज लिहून देणारे, वस्तीतली भांडणे मिटविणारे. पण प्रकरण स्वतःच्या परसात आले तेव्हा दादांना ‘जयभीम’ घालून विचारायचे सोडून सरळ मोजणीचा अर्ज भरला. मोजणीची नोटीस लगतच्या धारकांनाही जाते. दादांच्या हाती ती पडली, अर्जदार म्हणून आमचे नाव! दुसऱ्या दिवसापासून कढीपत्ता बंद, पोरांचे क्रिकेटही बंद. दादा एकदाच बोलले, तेही जाळीपलीकडून : “मला हाक मारली असती तर मी काय कानात बोटे घातली असती?”

याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

तरी मोजणी करायलाच नको होती, असे आम्ही म्हणणार नाही. वाचकांपैकी कोणावर अशी वेळ आली तर प्रथम आपली मिळकत पत्रिका (खेड्यात शेतजमीन असेल तर सातबारा) काढून ठेवावी. तिच्यावर क्षेत्र कळते, पण जागेवर रेघ कोठे ते कळत नाही. ती रेघ भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक दाखवितो, आणि तिचा नकाशा ‘क’ प्रत म्हणून मिळतो. ही प्रत जपून ठेवावी. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. मात्र मोजणीवाला अतिक्रमण दाखवून देतो, काढून देत नाही. घराच्या जागेतले अतिक्रमण समोरचा ऐकत नसेल तर दिवाणी कोर्टाची पायरी आलीच. रागाच्या भरात दुसऱ्याचे खांब उपटू नयेत. फौजदारी ओढवून घेण्याचा तो सोपा मार्ग आहे.

आणि गप्पही बसू नये. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्याने उघडपणे, हक्क सांगत, सलग बारा वर्षे जागा कब्जात ठेवली तर मूळ मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. परवानगीने वापरलेल्या जागेला हा नियम लागत नाही. म्हणून परवानगी दिली असेल तर ती कागदावर असावी. भावाभावात, शेजाऱ्या-शेजाऱ्यात कागद कशाला, असे आपले लोक म्हणतात. कागद नसतो म्हणूनच पुढची पिढी कोर्टात जाते, हे आम्ही कितीदा पाहिले आहे!

मोजणीच्या दिवशी भूकरमापक आला. पूर्वी तेहतीस फुटांची साखळी असे, आता उपग्रहावरून ठिकाण सांगणारे यंत्र आहे. दोन्ही घरची माणसे आपापल्या बाजूला उभी. निघाले ते असे : दादांची जाळी आमच्या हद्दीत नऊ इंच. सव्वा फूट नव्हे. कारण मेंदीची मधली ओळच सहा इंच त्यांच्या हद्दीत होती. आणि पलीकडच्या टोकाला आमच्या वडिलांनी बांधलेल्या न्हाणीची भिंत पाच इंच त्यांच्या जागेत! आम्ही जाळीकडे बोट दाखवीत होतो, आणि न्हाणी आमच्या पाठीमागे उभी होती.

दादा हसले नाहीत, टोमणाही मारला नाही. संध्याकाळी आम्ही स्वतः त्यांच्या ओसरीवर गेलो आणि आधी विचारले नाही याची माफी मागितली. मग बोलणे झाले. खांब नऊ इंच मागे घ्यायचे, खर्च निम्मा-निम्मा. न्हाणी पाडायची नाही. ती दादांच्या परवानगीने उभी आहे, तिच्यावरून जागेवर हक्क सांगणार नाही, पुन्हा बांधू तेव्हा भिंत आपल्या हद्दीत घेऊ, असे आम्ही लिहून दिले. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि सोबत ‘क’ प्रतीची नक्कल. प्रत्येकाकडे एकेक संच.

खांब हलले, शेवगा अलीकडे आला. दादांशी बोलणे पूर्ववत झाले आहे. वहिनी मात्र सौ.शी अजून कामापुरतेच बोलतात.