गाडी उभी, एसी चालू: एका प्रश्नात दडलेले तीन प्रश्न

"गाडी उभी करून एसी चालू ठेवला तर काय होतं?" हा प्रश्न कॅब ड्रायव्हरला विचारा. तो म्हणेल, "पेट्रोल जळतं, दुसरं काय!" मेकॅनिक म्हणेल, "कूलिंग नीट होत नाही." डॉक्टर म्हणतील, "काचा लावून त्यात झोपू नका." तिघांचंही बरोबर आहे. पण तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत.

प्रपोजल लिहायला बसलात की नेमकं इथेच अडतं. विषय हातात असतो, प्रश्न नसतो. म्हणून आज हाच रोजचा विषय घेऊन बघू या, की विषयातून प्रश्न कसा काढायचा.

आधी यंत्र समजून घ्या

पेट्रोल-डिझेल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर सहसा इंजिनावरच्या पट्ट्याने फिरतो. म्हणजे एसी हवा असेल तर इंजिन चालू हवंच. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेतं. एसी लावला की त्यावर जास्तीचा भार येतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून गाडीचा कंट्रोल युनिट थोडं जास्त इंधन सोडतो. मेकॅनिकचं म्हणणंही इथेच कळतं: पळत्या गाडीत पुढच्या कंडेन्सरवर वारा आपटतो, उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. उष्णता बाहेर टाकणं जड जातं, म्हणून गारवा कमी.

पहिला प्रश्न: इंधन किती जातं?

मोजायच्या आधी कागदावर अंदाज मांडा. ही सवय लावून घ्याच. कॉम्प्रेसर आणि पंखे मिळून साधारण १.५ किलोवॅट घेतात असं धरू. ही जास्तीची शक्ती इंजिन २५ टक्के कार्यक्षमतेने देतं असं धरू. म्हणजे इंधनातून ६ किलोवॅट हवेत. तासाला झाले २१.६ मेगाज्यूल. एक लिटर पेट्रोलमधून साधारण ३३ मेगाज्यूल मिळतात. भागाकार केला की उत्तर येतं तासाला सुमारे ०.६५ लिटर. एसीशिवाय नुसतं उभं इंजिनही तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं. दोन्ही मिळून सव्वा लिटरच्या आसपास.

रोज चार तास गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या ड्रायव्हरचे हे पाच लिटर झाले. पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरलं तर पाचशे रुपये. एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, तर साडेअकरा किलो. आता कळलं ना, आकडा छोटा असला तरी प्रश्न छोटा का नाही?

प्रत्यक्ष मोजताना 'एसी चालू' आणि 'एसी बंद' अशा दोन्ही वेळा मोजा आणि फरक काढा. इंजिन आधीच तापलेलं हवं, गाडी त्याच जागी हवी, ऊन-सावली आणि तापमानाचं सेटिंग तेच हवं. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर मधूनमधून बंद-चालू होतो, म्हणून दोन मिनिटांचं रीडिंग कामाचं नाही. अर्ध्या-पाऊण तासाची सरासरी घ्या. या प्रश्नाला सरासरी हेच योग्य उत्तर आहे.

दुसरा प्रश्न: आत बसलेल्याला धोका किती?

इथे मात्र सरासरी फसवते. "एसीचा गॅस लीक होऊन गुदमरला" असं आपण सहज बोलून जातो. पण अशा मृत्यूंमागे नेहमीचा संशयित म्हणजे एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड. एसी तो तयार करत नाही. एसीसाठी चालू ठेवलेलं इंजिन करतं. चल, म्हणजे व्हेरिएबल, चुकीचा निवडला की पुढचं सगळं संशोधन चुकतं, ते असं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा वायू बराच कमी करतो, पण तो तापलेला आणि धड असेल तरच. मोकळ्या रस्त्यावर उरलेला वायू उडून जातो. बेसमेंट पार्किंगमध्ये, बंद गॅरेजमध्ये, किंवा सायलेन्सर भिंतीला टेकेल असा उभा केला तर तो साचतो आणि फटींतून आत येतो. 'रीसर्क्युलेशन'चं बटण दाबलं म्हणून गाडी हवाबंद होत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काही कळतच नाही.

"मी रोज झोपतो, मला कुठे काय झालं?" हे वाक्य मुलाखतीत हमखास मिळेल. ते खोटं नाही, पण पुरावाही नाही. ज्याला झालं, तो तुमचा फॉर्म भरायला येणार नाही. शंभर ड्रायव्हरांपैकी नव्याण्णव सुखरूप असले तरी इथे प्रश्न शंभराव्याचा आहे. म्हणून सरासरी बाजूला ठेवा आणि विचारा: सर्वांत वाईट परिस्थिती कोणती, आणि ती कधी जुळून येते?

तिसरा प्रश्न: मग इंजिन बंदच करायचं का?

तेही फुकट नाही. मॅक्लॅरेन, नल आणि क्विन यांचा २००५ सालचा 'पीडियाट्रिक्स'मधला छोटासा अभ्यास जरूर वाचा. उन्हात उभ्या केलेल्या एका गडद रंगाच्या गाडीत त्यांनी १६ निरभ्र दिवशी तासभर तापमान मोजलं. आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. उपकरणं साधी, प्रश्न नेमका, आणि उत्तर लहान मुलांचे जीव वाचवणारं.

आता मे महिन्यातल्या नागपूरचा विचार करा. बाहेरच पारा ४५ च्या घरात. तिथल्या ड्रायव्हरला "इंजिन बंद करा" एवढंच सांगणं म्हणजे एक धोका काढून दुसरा देणं. खरा प्रश्न असा होतो: त्याला थांबायला सावली, पंखा, बाकडं मिळालं तर इंजिन चालू ठेवण्याचे तास किती कमी होतील? यात इंधन आलं, आरोग्य आलं, आणि धोरणही आलं.

तुमच्यासाठी काम

आपला विषय घ्या आणि एका वाक्यात लिहा: कोण, कुठे, काय मोजणार, कशाशी तुलना. मग स्वतःला विचारा, मला सरासरी हवी आहे की टोकाची स्थिती? पद्धत त्यावर ठरते.

आणि हो, याच विषयावर काम करायचं ठरवलंत तर बंद जागेतल्या गाडीत माणूस बसवून प्रयोग करू नका. आत मीटर ठेवा, तुम्ही बाहेर मोकळ्या हवेत थांबा. एरवीही बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. तेवढ्यासाठी नव्या संशोधनाची गरज नाही.